मावशीचं १८६८ चं घर आणि भिंतीतली बाग : विक्रीच्या कामाच्या नोंदी

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आजपासून रीतसर लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण कामं इतकी आहेत की कुठलं कधी केलं, कोणाला किती पैसे दिले, कुठला कागद कोणाकडे आहे हे डोक्यात राहणं शक्य नाही. मावशीचं घर विकायचंय. इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये, लडलो शहरापासून सहा-सात मैलांवर एका छोट्या गावात, लाल विटांचं, पाच बेडरूमचं घर, आणि मागे चारी बाजूंनी दहा फूट उंच भिंत असलेली बाग. काका गेल्या मे महिन्यात गेले, मावशी आता ७९ ची आहे, जिना चढताना तिला धाप लागते, आणि दिवाळीत तिनेच सांगितलं की मला लडलोत स्टेशनजवळ छोटा बंगला (इथे म्हणजे बैठं घर) बघा, हे आता झेपत नाही. मावसभाऊ कॅनडात, म्हणून सगळं माझ्याकडे. मी बर्मिंगहॅमला असते, सव्वा तासाचा ड्राइव्ह, म्हणजे कामं बहुतेक शनिवार-रविवारीच होणार.

काका-मावशी १९७३ ला आले, काका एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) डॉक्टर, आणि हे घर त्यांनी १९८१ ला घेतलं. माझ्या लहानपणी मुंबईहून आम्ही सुट्टीत यायचो तेव्हा मला हे घर म्हणजे व्हीटी स्टेशनचं लहान भावंड वाटायचं, तीच टोकदार कमान दारावर, तेच विटांच्या रंगांचे पट्टे. आता कळतं की दोन्ही एकाच काळातली, एकाच आवडीतून आलेली.

आज एक एजंट बघून गेला. घर फिरला दहा मिनिटं, बागेत फिरला अर्धा तास, आणि म्हणाला की बाग वेगळी काढा, आत दोन घरांची परवानगी मागा, पैसा तिथे आहे. मावशी काहीच बोलली नाही, त्याला चहा दिला. तो गेल्यावर मला म्हणाली, "अगं, बागेशिवाय हे घर म्हणजे नुसत्या खोल्या." तर ठरलं की घर आणि बाग एकत्रच विकायची, आणि त्यासाठी आधी भिंत नीट करायची.

दुसरं काम आजच उरकलं. गाव कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी कडक नियम असलेला भाग) आहे त्यामुळे ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोडाचं झाड तोडायचं तर कौन्सिलला सहा आठवडे आधी नोटीस द्यावी लागते (जाडी जमिनीपासून दीड मीटरवर मोजतात). भिंतीला खेटून आपोआप उगवलेलं सिकमोरचं झाड आहे, त्याची मुळं भिंतीच्या पायामध्ये शिरलीत. नोटीस पाठवली.

२२ फेब्रुवारी

आयव्ही, म्हणजे भिंतीवर चढणारी वेल. पूर्वेच्या भिंतीवर इतकी माजलीय की वीट दिसत नाही. ओढून काढायची नाही, हे मला आधी माहीत नव्हतं, कारण तिची मुळं सांध्यात शिरलेली असतात आणि ओढली की चुना आणि विटा बरोबर येतात. खाली बुंध्याशी कापायची, वरचं सगळं वाळू द्यायचं, मग काही महिन्यांनी अलगद सोडवायचं. मार्चपासून पक्षी घरटी करायला लागतात आणि वापरातल्या घरट्याला हात लावणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आजच कापली. एकही घरटं नव्हतं, टॉर्च लावून बघितलं. चार तास, हाताला फोड आले.

१ मार्च

कागद सापडले. काकांच्या अभ्यासिकेत लोखंडी ट्रंक होती, वर त्यांच्या अक्षरात "घर" एवढंच लिहिलेलं. इंग्लंड-वेल्समध्ये मालमत्ता विकली की लँड रजिस्ट्रीत नोंद सक्तीची, हे सगळीकडे लागू झालं १ डिसेंबर १९९० ला, आणि हे घर १९८१ नंतर विकलंच गेलं नाही, त्यामुळे याची नोंदच नाही. म्हणजे ट्रंकेतले कागद हाच मालकीचा पुरावा! हरवले असते तर महिनोनमहिने गेले असते. सॉलिसिटर म्हणाल्या की किमान पंधरा वर्षं जुना चांगला दस्त लागतो, १९८१ चं खरेदीखत त्याला पुरतं, आणि घर दोघांच्या नावावर जॉइंट टेनंट्स म्हणून (एक गेला की सगळं दुसऱ्याचं) असल्याने काकांचा मृत्यूचा दाखला जोडला की मावशी एकटी विकू शकते, घरासाठी प्रोबेटची (मृताच्या मालमत्तेला लागणारी कोर्टाची मंजुरी) वाट बघायला नको. हा मोठा दिलासा.

सगळ्यात खाली १८६८ चा दस्त होता. मेंढीच्या कातड्यावर, चौपदरी घडी, लाल लाखेचा शिक्का. वकील मेंढीचं कातडं वापरायचे कारण अक्षर खरवडून बदलायला गेलं की कातड्याचा पापुद्रा सुटतो आणि लबाडी लगेच दिसते. पहिला मालक माल्टचा व्यापारी. नकाशात बागेच्या भिंतीच्या आतल्या बाजूला चारी ठिकाणी इंग्रजी टी अक्षर काढलंय, त्याचा अर्थ भिंतीची जबाबदारी आपली, शेजाऱ्याची नाही. मावशी बराच वेळ ते कातडं हातात धरून बसली होती.

८ मार्च

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे फुकट बघायला ठेवलेत, मैलाला २५ इंच या मापाचे. १८८० च्या दशकातल्या पानावर आमचं घर सापडलं. बागेच्या उत्तरेच्या भिंतीला लागून एक लांबट चौकट, आत आडव्यातिडव्या रेघा, म्हणजे काचघर, त्या काळच्या नकाशात काच अशीच दाखवायचे. दोन वाटा मधोमध एकमेकींना छेदतात आणि त्या छेदावर एक छोटा गोल. ते बहुतेक पाणी बुडवून घ्यायचं टाकं, माळी झारी बुडवून घ्यायचा ते. मावशी म्हणते तिथे ४४ वर्षं गवत आहे, टाकं कधीच बघितलं नाही.

१५ मार्च

टाकं आहे! लोखंडी सळई घेऊन गवतात टोचत गेले, नऊ इंचांवर टणक लागलं, उकरलं तर घडीव दगडाची गोल कड. व्यास साधारण सहा फूट, आत माती आणि फुटक्या कुंड्या. आजचा दिवस त्यातच गेला आणि बाकी काही झालं नाही, पण चालेल.

२९ मार्च

गवंडी मिळाले. वय ६८, चाळीस वर्षं चुन्याचंच काम करतायत, सिमेंटला हात लावत नाहीत. त्यांनी भिंत बघितली तेव्हा जे सांगितलं ते नीट लिहिते, कारण हेच या सगळ्याचं मूळ आहे.

भिंत नऊ इंच जाड, हाताने पाडलेल्या मऊ विटांची, तीन थर लांब बाजूने आणि एक थर आडव्या बाजूने, याला इथे इंग्लिश गार्डन वॉल बाँड म्हणतात, विटा कमी लागतात आणि एक बाजू तरी सरळ दिसते. मूळ दर्जा (विटांमधले भरलेले सांधे) चुन्याच्या. चुना मऊ असतो, विटेत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं, वाळतं, भिंत जराशी हलली तरी चुना ते सोसतो. १९९६ मध्ये काकांनी एका कॉन्ट्रॅक्टरकडून उत्तरेच्या भिंतीच्या दर्जा भरून घेतल्या, आणि त्याने सरसकट सिमेंट मारलं. सिमेंट विटेपेक्षा कडक. पाणी सांध्यातून निघू शकत नाही, विटेतच अडकतं, थंडीत गोठतं, फुगतं, आणि विटेचा पुढचा पापुद्रा उडतो. आज भिंतीखाली हात फिरवला तर लाल चुरा ओंजळभर निघतो. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा पुढे आलेल्या आणि मधल्या विटा खड्ड्यासारख्या आत गेलेल्या. १२८ वर्षं टिकलेली भिंत २९ वर्षांत अशी झाली, मला खरंच वाईट वाटलं, काकांनी तर चांगले पैसे मोजून, भिंत टिकावी म्हणूनच केलं होतं ते.

बाकीच्या तीन भिंती चुन्यातच आहेत, तिथे फक्त डागडुजी. उत्तरेची साधारण ६० चौरस मीटर मात्र पूर्ण काढून परत भरायची. ग्राइंडर लावायचा नाही, विटांच्या कडा कापल्या जातात, छिन्नी-हातोडीनेच. अठरा दिवसांचं काम, सामानासकट साडेसहा हजार पाउंड. मावशीने लगेच हो म्हटलं.

काम एप्रिलच्या मध्यावर सुरू, कारण पाच अंशांखाली चुना धरत नाही आणि ओला असताना गोठला की संपलं.

५ एप्रिल

स्वयंपाकघरातला प्रयोग. गवंडी म्हणाले जुन्या चुन्यात वाळू कुठली होती ते कळलं पाहिजे, नाहीतर नवी दर्ज पांढरी फटक दिसेल. पश्चिमेच्या भिंतीतून सुपारीएवढा खडा काढला, मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत टाकला, वर मावशीच्या कपाटातलं व्हिनेगर ओतलं. लगेच फसफसायला लागला. चुना विरघळत गेला, व्हिनेगर गढूळ, आणि रात्रभरात तळाशी नुसती वाळू उरली. दोन-तीनदा धुऊन बशीत पसरली आणि खिडकीत उन्हात ठेवली. पिवळट तांबूस, एकसारखी नाही, काही दाणे साखरेएवढे, काही मोहरीएवढे, मधे कोळशाचे काळे कण. बारीक रेती नाही, धारदार जाडी वाळू, आणि कोळसा बहुतेक भट्टीतल्या राखेतून आलेला.

मावशी बशीवर वाकून बघत होती आणि एकदम म्हणाली की आमच्या वाईच्या वाड्यात चुन्याची घाणी होती, बैल फिरायचा, आणि आजोबा चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलफळ घालायला लावायचे. वाड्याची ती भिंत पाडताना पहार वाकली होती म्हणे. मी हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

वाळू तीच बरणी धुऊन वाळवून तिच्यात भरून ठेवली, वर चिठ्ठी लावली.

१२ एप्रिल

पटापट : सिकमोर तोडलं (कौन्सिलची हरकत आली नाही, झाडवाल्याने आधी घरटी तपासली). एनर्जी सर्टिफिकेट काढलं, ई ग्रेड आली, नऊ इंची सलग भिंत असलेल्या घराला त्याहून फार वर अपेक्षाही नव्हती, विकायला काही किमान ग्रेड लागत नाही, ती अट भाड्याने देताना. दहा वर्षं चालतं. सेप्टिक टँक तपासून घेतली, पाणी जमिनीत जिरतं, ओढ्यात जात नाही, हे महत्त्वाचं कारण जानेवारी २०२० पासून थेट ओढ्या-नाल्यात सोडायला बंदी आहे आणि असं असेल तर विक्री तिथेच अडकते.

१९ एप्रिल

गवंड्यांनी सोमवारी सुरुवात केली. मिश्रण एक भाग चुना, अडीच भाग वाळू. मऊ विटांमध्ये एनएचएल २ नावाचा हलका चुना, वरच्या कोपिंगखाली (भिंतीच्या माथ्यावरचा थर) जिथे पाऊस जास्त बसतो तिथे ३.५ चा. सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट खोल उकरायचा, पाणी मारायचं, मग दाबून दाबून भरायचं. हा वसंत इतका कोरडा आणि उन्हाचा चाललाय की चुना पटकन सुकून भुगा होईल ही भीती, म्हणून वर ओलं गोणपाट टांगलंय. मावशी दर दोन तासांनी पाइप घेऊन गोणपाट भिजवते. भारतात नव्या भिंतीवर पाणी मारतात तसंच, म्हणाली, एवढं मला येतं.

भरल्यावर दुसऱ्या दिवशी जरा घट्ट झालं की ताठ ब्रशने टोच टोच मारतात. त्याने वरची गुळगुळीत साय मोडते, वाळूचा दाणा उघडा पडतो, आणि भिंत परत श्वास घ्यायला लागते. पहिली तीन मीटर बघितली. जुन्या भिंतीत आणि नव्यात फरक शोधावा लागतो.

२६ एप्रिल

सिमेंट काढताना खिळे निघतायत. ओतीव लोखंडाचे, जाड डोक्याचे. व्हिक्टोरियन माळी फळझाडं भिंतीला धरून वाढवायचे, फांदीभोवती कापडाची पट्टी गुंडाळायची आणि ती खिळ्याने सांध्यात ठोकायची, दर वर्षी काढायची, परत ठोकायची. म्हणून भिंतीत शेकडो भोकं. एका खिळ्याला कापडाचा नखाएवढा तुकडा अजून चिकटलेला होता, तपकिरी, लोकरीचा असावा, बोटात धरला तर विणीचे धागे मोजता येत होते. कोणाच्या तरी जुन्या कोटाचा.

काचघराची जागा पण इथेच. ही उत्तरेकडची भिंत, म्हणजे तिचं तोंड दक्षिणेला, दिवसभर ऊन. वीट ते ऊन पिऊन ठेवते आणि रात्री परत सोडते. म्हणून इथे पीच आणि ॲप्रिकॉट. काकांनी १९८४ ला लावलेलं मूरपार्क ॲप्रिकॉट अजून फळ देतं. समोरच्या, उत्तरेला तोंड असलेल्या थंड भिंतीवर मोरेलो चेरी, ती आंबट असते आणि तिला सावली चालते. पश्चिमेला जुने पेअर, आडव्या तारांना फांद्या बांधून पंख्यासारखे पसरवलेले, ते बहुधा आमच्या आधीच्या मालकांच्या काळातले.

३ मे

हॉलमधलं कार्पेट काढलं. १९८१ पासून तिथे आहे, मावशीने खाली काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. खाली रंगीत लाद्या! काळ्या, तांबड्या, पिवळट, मधे निळ्या फुलाच्या. एक सुटलेली होती ती उलटी केली तर मागे ठसा, मॉ अँड कंपनी, बेंथॉल वर्क्स, ब्रोझली. हा कारखाना १८५२ ते १८८३ बेंथॉलला होता, मग जवळच जॅकफील्डला गेला, म्हणजे लाद्या घराबरोबरच्याच आणि इथून पंचवीस-तीस मैलांवर भाजलेल्या. निळ्या फुलाची नक्षी रंगवलेली नसते, लादीच्याच मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून एकत्र भाजतात, म्हणून दीडशे वर्षं पाय पडून झिजली तरी फूल जात नाही.

फुटलेल्या सहा जॅकफील्डच्या क्रेव्हन डनिलकडून करून घेणार. वेस्टमिन्स्टरच्या संसदेच्या लाद्या बदलल्या त्या त्यांनीच केल्या.

१० मे

खिडक्या. चौदा आहेत, सगळ्या वरखाली सरकणाऱ्या. एका विक्रेत्याने सगळ्या काढून प्लास्टिकच्या बसवायचं कोटेशन दिलं होतं आणि मी क्षणभर विचारही केला होता, पण सुताराने एक खिडकी उघडून दाखवली आणि विषय संपला. चौकटीच्या आत पोकळ खोका, त्यात ओतीव लोखंडाचं वजन दोरीला लटकलेलं, दोरी वर कप्पीवरून फिरून तावदानाला बांधलेली. वजन आणि तावदान समतोल, म्हणून बोटाने सरकते. दोरी तुटली की लोक खिळा मारून खिडकी कायमची बंद करतात, इथे पाच तशाच होत्या. वरचं तावदान खाली आणि खालचं वर सरकवलं की गरम हवा वरून जाते, गार खालून येते.

तावदानाच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं आहेत, ती या काळाची खूण. १८४५ ला काचेवरचा कर गेला आणि १८५१ ला खिडक्यांवरचा, मग लोक मोठ्या काचा लावायला लागले, काच जड, सांधा कमकुवत, म्हणून सुतारांनी कडेचं लाकूड जरा पुढे ठेवलं. नऊ खिडक्यांत जुनी काच आहे, बाहेरचं झाड बघताना डोकं हलवलं की झाड वळवळतं.

नव्या दोऱ्या, कप्प्यांना तेल, फटींना ब्रशची पट्टी. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं करून.

२४ मे

घराच्या ओलीचं निदान. डायनिंगच्या भिंतीला खाली ओल आहे, एका कंपनीने भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचे ४,२०० पाउंड सांगितले. गवंड्यांनी बाहेर नेऊन दाखवलं. भिंतीत जमिनीपासून थोडं वर पाटीच्या दगडाचा थर आहे, ओल वर चढू नये म्हणून बांधतानाच घातलेला, आणि फुलांचा वाफा इतक्या वर्षांत खत टाकून टाकून त्याच्या वर गेलाय. माती थराला वळसा घालून ओल आत देते. तीन माणसांनी दोन दिवसांत वाफा थराच्या सहा इंच खाली नेला, खडी पसरली. खर्च ५५० पाउंड. मावशीचे गुलाब हलवावे लागले, तिला ते लागलं.

७ जून

भिंत पूर्ण. म्हणजे जवळजवळ. पूर्वेच्या कोपऱ्यातली चार मीटर डागडुजी सोडली, कारण तिथल्या मऊ चुन्यात मधमाश्यांसारख्या तांबूस गवंडी माश्यांनी बिळं केलीत आणि आता त्यांची अंडी आत आहेत. गवंडी म्हणाले, या भिंत पाडत नाहीत, पुढच्या वर्षी करा. मावशीलाही तेच हवं होतं.

छपरावरच्या बारा पाट्या सरकल्या होत्या त्या बसवल्या. वेल्सच्या पाट्या, लडलोला रेल्वे १८५२ ला आली, बहुधा त्यानेच आणल्या असणार. मापांना नावं आहेत, डचेस, काउंटेस, लेडी. आमच्या काउंटेस, २० इंच बाय १०. पाटी शंभर वर्षं सहज टिकते, गंजतो तो खिळा.

२१ जून

फोटो काढून झाले. नवीन एजंट बाई नीट आहेत, पहिल्या भेटीत बागेची चावी मागितली आणि एकट्याच जाऊन बसल्या वीस मिनिटं. जाहिरातीत बागेचं माप एकरात लिहिलंय, मावशीने मला विचारलं आपल्याकडचे किती, तर साधारण १८ गुंठे. मी आग्रहाने लिहायला लावलं की उत्तरेची भिंत चुन्यात दुरुस्त केलीय आणि मिश्रणाची नोंद मिळेल. त्या म्हणाल्या असं कोणी लिहीत नाही, मी म्हटलं लिहा.

मागणी ८,२५,००० पाउंड.

त्या दिवशी गूजबेरी तोडल्या. मावशी त्यांचं कैरीसारखं लोणचं घालते, मोहरी-हिंगाची फोडणी, गूळ. चौदा बरण्या.

५ जुलै

नऊ कुटुंबं येऊन गेली. दोन ऑफर.

पहिली ८,६०,००० ची, मागणीपेक्षा जास्त, पण अट अशी की बागेत बांधकामाची परवानगी मिळाली तरच. म्हणजे एक-दोन वर्षं मावशी अधांतरी, आणि परवानगी नाही मिळाली तर काहीच नाही.

दुसरी ७,९५,००० ची. नवरा-बायको, दोन मुलं, आणि मुलांची आजी. मुलं गूजबेरीत शिरली, आजी अंजिराच्या झाडाजवळ उभी राहिली आणि तिने मावशीला विचारलं की याची मुळं तुम्ही कशी आवळून ठेवलीत. (अंजिराला मोकळी जमीन मिळाली की नुसती पानं येतात, काकांनी खड्ड्याला चारी बाजूंनी फरशा उभ्या केल्यात.) दोघी पाऊण तास तिथेच.

मी मावशीला म्हटलं ६५ हजारांचा फरक आहे, नीट विचार कर. ती म्हणाली, "विचार फेब्रुवारीतच झालाय माझा."

१९ जुलै

सॉलिसिटरना विचारलं की खरेदीखतात अट घालता येईल का की बागेत कोणी बांधायचं नाही. उत्तर निराशेचं होतं. अशी अट पुढच्या मालकांना बांधायची तर तिचा फायदा मिळणारी जवळची जमीन आपल्याकडे राहायला हवी. मावशी सगळंच विकतेय, म्हणजे अट फक्त या खरेदीदारांपुरती, त्यांनी विकलं की गेली. कॉन्झर्व्हेशन एरियामुळे एवढी उंच भिंत पाडायला परवानगी लागते, तेवढाच आधार.

मावशीला फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली मग माणसं बघून दिलं हेच बरोबर झालं. ऑफर स्वीकारली.

आणि प्लमची छाटणी केली, ती उन्हाळ्यातच करायची, हिवाळ्यात केली तर जखमेतून सिल्व्हर लीफ नावाची बुरशी शिरते.

९ ऑगस्ट

खरेदीदारांच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आला, लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल तपासणी, जुन्या घरांसाठी हाच करतात. मीटर लावून डायनिंगमध्ये ओल दाखवली आणि परत रसायनाचा सल्ला. मी मे महिन्यातले फोटो, वाफ्याची आधीची आणि नंतरची पातळी, आणि दर पंधरा दिवसांनी भिंतीच्या त्याच जागेचं घेतलेलं रीडिंग पाठवलं. नऊ इंची भिंत वाळायला वेळ लागतो, पण आकडे खाली येतायत. त्यांनी मानलं, किंमत कमी मागितली नाही.

टीए६ फॉर्म भरला, विकणाऱ्याने घराची माहिती द्यायचा. जॅपनीज नॉटवीड (झपाट्याने पसरणारं तण) आहे का हा प्रश्न असतोच, नाही. भिंतीचं १९९६ चं सिमेंट, सेप्टिक टँक, पूर्वेची राहिलेली चार मीटर, सगळं लिहिलं. मावसभाऊ म्हणाला सिमेंटचं कशाला लिहितेस, काढून टाकलंय ना. मला वाटतं जिथे पापुद्रे गेलेत त्या विटा अजून तिथेच आहेत, पुढच्या माणसाला कारण कळायला हवं.

३० ऑगस्ट

डॅमसन (प्लमसारखं छोटं फळ) यंदा लवकर आणि भरमसाट. श्रॉपशर प्रून म्हणतात त्या जातीचे, जांभळे, आंबट, तोंड आवळणारे. मावशीने निम्म्याचा जॅम केला आणि निम्म्याचं सार, कोकमासारखं, जिरं आणि मिरची घालून. खरेदीदारांची आजी एकटीच येऊन गेली, सार पिऊन गेली, रेसिपी लिहून नेली.

२० सप्टेंबर

टीए१० फॉर्म, काय ठेवणार काय नेणार. ठेवणार : जुन्या कुंड्या, काचेचे वाफे, टाक्याजवळचा दगडी बाक, भिंतीवरच्या तारा, सगळी शिडीसकट अवजारं. नेणार : गुलाब दोन, अंजिराच्या तीन फांद्या (कुंडीत रुजल्यात), डॅमसनचं मुळापासून फुटलेलं एक रोप, आणि कढीपत्ता. बागेतली झाडं नेणार असू तर फॉर्मवर लिहावं लागतं, न लिहिता उपटली तर तक्रार होऊ शकते.

११ ऑक्टोबर

कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज झाले, आता कोणालाही मागे फिरता येत नाही. ताबा २४ तारखेला. खरेदीदारांना स्टॅम्प ड्यूटीच २९,७५० पाउंड बसली, नोंदणी दोन महिन्यांत त्यांचे सॉलिसिटर करतील, आणि मग १८६८ चं कातडं कायद्याला लागणार नाही. मावशीने विचारलं ते आपल्याकडे ठेवता येईल का. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले घराबरोबर राहू दे, हॉलमध्ये लावू, आणि तुम्हाला पूर्ण आकाराची प्रत करून देऊ. मावशीला पटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सात अंश, धुकं. मावशी एकटीच बागेत एक फेरी मारून आली, पेअरच्या तारांपैकी एक सैल होती ती पिळून घट्ट केली. मी हॉलमधल्या लाद्या पुसल्या. साडेबाराला सॉलिसिटरचा फोन आला की पैसे जमा झाले, एकला चाव्या दिल्या, चौदा चाव्यांपैकी दोन कुठल्या ते आम्हालाही माहीत नाही, तसं लिहून दिलं.

बागेतल्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, वाळूची बरणी ठेवली. वरच्या चिठ्ठीवर एक भाग चुना, अडीच भाग वाळू, गवंड्यांचा फोन नंबर, आणि खाली मावशीने स्वतः लिहिलं : पूर्वेच्या कोपऱ्यातली चार मीटर बाकी आहेत, आत माश्या आहेत, बाहेर पडल्यावरच भरा.